वीस ते पन्नास : जुन्या फियाटची बेवारस तीस वर्षं

परवा रविवारी दारात गाडी धूत होतो. गल्लीतलं एक पोरगं सायकल थांबवून म्हणालं, "काका, ही जुन्या काळची स्पोर्ट्स कार हाय का?"

मला हसू आलं. १९८१ ची प्रीमियर पद्मिनी. चार दरवाजे, स्टिअरिंगच्या दांड्याला गियर, मागं कमानपाटे. कसली आलीय स्पोर्ट्स कार! पण पोरगं अगदीच चुकलं नव्हतं. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००. ही गाडी तिकडं मिले मिलिया शर्यतीत धावली. आपल्याकडं मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथं हौशी लोक घरच्या फियाटचंच इंजिन खोलून, घासूनपुसून, वजन कमी करून उतरायचे. परदेशी गाडी आणणं सामान्याच्या हातात नव्हतं. म्हणून जी दारात उभी तीच आपली स्पोर्ट्स कार.

या गाडीचा इतिहास आपल्या शेजारच्या सोलापूरपासून सुरू होतो. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी, १९४० मध्ये बंगळुरूला विमान कारखाना आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, १९४७ मध्ये, कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्यानं पहिली गाडी बाहेर पडली. तेव्हा आपण नांदेड-लातूरवाले अजून निजामाच्या राज्यात होतो, हे ध्यानात घ्या. पुढं १९५० च्या दशकात फियाट ११०० आली, १९६४ पासून 'डिलाइट', आणि १९७० च्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. लायसन्स राजच्या काळात नंबर लावून लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरात पानं भरून आठवणी आल्या. आपण गाडी गेल्यावर रडतो. गाडी असताना तिला जपणाऱ्याला काय मिळतं, हे कुणी विचारत नाही.

आमच्या अण्णांनी ही गाडी लातूरच्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली. अहमदपूर-लोहा रस्त्यानं नांदेडला आणताना ऐन मे महिन्यात ती दोनदा बंद पडली. उन्हानं पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि इंजिनला पेट्रोलच पोचायचं नाही. एका ढाब्यावरच्या ट्रकवाल्यानं पंचा ओला करून पेट्रोल पंपावर गुंडाळला, दहा मिनिटांत गाडी चालू. तो पंचा आजही डिकीत आहे.

बाकीचं शिक्षण उस्तादनं दिलं. देगलूर नाक्याकडचा म्हातारा मिस्त्री, शाळा चौथीपर्यंत. पॉइंट सिगारेटच्या पाकिटाच्या कागदानं साफ करायचे, किंगपिनला वेळच्या वेळी ग्रीस मारायचं, कार्बोरेटरचं जेट तारेनं टोचायचं नाही, हवेनंच फुंकायचं. "भाऊ, गाडीचं ऐका, मग पाना उचला," हे त्याचं कायमचं वाक्य. खालचा पत्रा सडला तेव्हा बाजारात मिळेना. त्यानं साधा पत्रा आणून, ठोकून, मापात बसवून दिला. उस्ताद आता नाही. त्याच्या हातातलं ज्ञान कुठल्याही आयटीआयच्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

आता मुद्द्याचं. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. चांगली गोष्ट. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज ठरते. नवीन नोंदणीला २० हजार रुपये, ती १० वर्षं चालते. रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. दुसरीकडं, २० वर्षांवरच्या खासगी कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ५ हजारांवरून १० हजार झालं. वर कर वेगळा, आणि दर ५ वर्षांनी तेच.

म्हणजे बघा, विसाव्या वर्षी गाडी भंगार आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली तीस वर्षं तिला कोण जगवणार? पन्नाशीची गाडी आभाळातून पडत नाही. कुणीतरी शेडमध्ये, रविवारी, पदरचे पैसे घालून तिला तिथवर नेलेलं असतं. माझी गाडी यंदा पंचेचाळीसची. नूतनीकरण यंदाच आलंय. भरणार आहे मी. पण दहा हजारांचा आकडा ऐकून भंगारवाल्याला फोन लावलेले दोघं तर माझ्याच ओळखीतले आहेत.

दुसरा प्रश्न पेट्रोलचा. देशात २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉल मिश्रणापर्यंत आपण पोचलो. इथेनॉलला माझा विरोध नाही. मांजराकाठच्या शेतकऱ्याच्या उसाला त्यातून पैसा मिळत असेल तर आनंदच आहे. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबराला फुगवतं. उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते. जुन्या गाड्यांची काही रबरी पार्ट आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात, हे केंद्र सरकारनंही म्हटलंय. माझी पंपाची नळी गेल्या पावसाळ्यात फुगून ओलसर झाली होती. इंजिन तापल्यावर ती फुटली असती तर? म्हणून आता इथेनॉल सोसणारी नळी टाकलीय, डायफ्राम बदललाय आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवत नाही. ज्यांच्या घरी जुनी गाडी किंवा स्कूटर आहे त्यांनी एवढं नक्की करा.

आणि गंमत बघा. रावळगाव आणि वालचंदनगरचे साखर कारखाने उभे करणारे वालचंदशेठ, आणि कुर्ल्याचा गाडीचा कारखाना काढणारेही तेच. त्यांचा ऊस आणि त्यांची गाडी आज माझ्या टाकीत भांडतायत!

जुन्या गाड्या धूर करतात, हे खरं. म्हणून फुकट सवलत मागत नाही. धुराची तपासणी कडक करा, वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटरची मर्यादा घाला. पण पंचवीस ते पन्नास वर्षांच्या, धंद्यासाठी न वापरलेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी कमी शुल्काचा वेगळा वर्ग करा. आणि आपल्या आयटीआयनं नांदेड-लातूरचे उरलेसुरले जुने मिस्त्री बोलावून त्यांच्या कामाचं चित्रीकरण करून ठेवावं. त्याला फार खर्च येत नाही.

त्या पोराला मी गाडीत बसवून गल्लीतून एक चक्कर मारली. उतरताना म्हणालं, "काका, इकू नका बरं का."

तुमच्या अंगणात, गोठ्यात, ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी असेल तर साल आणि गाव कमेंटमध्ये लिहा. निदान किती उरल्यात, ते तरी कळू द्या.