चिक-फिल-ए बहिष्कार, २०१२

अटलांटा येथे मुख्यालय असलेली चिक-फिल-ए ही कोंबडीच्या सँडविचसाठी प्रसिद्ध असलेली अमेरिकी उपाहारगृहांची साखळी; संस्थापक ट्रुएट कॅथी यांच्या ख्रिस्ती श्रद्धेनुसार तिची उपाहारगृहे रविवारी बंद असतात. त्यांचे पुत्र डॅन कॅथी यांनी २०१२च्या उन्हाळ्यात समलिंगी विवाहाला जाहीर विरोध केला, तेव्हा बहिष्काराची हाक दिली गेली. मात्र रोष नुसत्या मतावर नव्हता, तर कंपनीशी संलग्न धर्मादाय संस्थेकडून अशा विवाहांना विरोध करणाऱ्या संघटनांना देणग्या जात, म्हणजेच गिऱ्हाइकाच्या पैशाचा काही अंश तिकडे वळे, हा खरा आक्षेप होता. १ ऑगस्टला आर्कान्सॉचे माजी गव्हर्नर माइक हकबी यांच्या आवाहनावरून समर्थकांनी रांगा लावून मुद्दाम खरेदी केली (बहिष्काराचा हा नेमका उलटा प्रकार) आणि विक्रमी विक्री झाली. दोन दिवसांनी समलिंगी जोडप्यांनी त्याच दारांपुढे चुंबन घेऊन निषेध नोंदवला. बॉस्टनच्या महापौरांनी कंपनीला शहरात न येण्याविषयी लिहिलेले पत्र बहिष्कारातच जमा धरणे पटण्याजोगे नाही, कारण ग्राहक स्वतःचा पैसा रोखतो, तर परवाना हाती असलेली सत्ता मालकाचे मत तपासू लागली की अमेरिकी राज्यघटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाध येतो.