अथेन्सच्या राज्यघटनेचें हस्तलिखित व तौलनिक राज्यशास्त्राचे पहिले पाठ

राज्यपद्धतींची परस्परांशीं तुलना करून राज्यशास्त्र शिकविण्याचा जुन्यांत जुना पद्धतशीर प्रयत्न, आमच्या समजुतीप्रमाणें, आरिस्टॉटलच्या शाळेंत झाला. ख्रि. पू. ३३५ च्या सुमारास हा तत्त्ववेत्ता अथेन्सला परत आला व लायसिअम या ठिकाणीं शिष्यांस शिकवूं लागला. त्याच्या ग्रंथांची जी प्राचीन यादी डायोजिनीस लाएर्टिअस यानें दिली आहे तींत १५८ नगरांच्या राज्यघटनांचा एक संग्रह नमूद आहे. या संग्रहाचा हेतु काय, हें आरिस्टॉटलनेंच आपल्या नीतिशास्त्राच्या अखेरीस सांगून ठेविलें आहे. जमविलेल्या घटना पाहून राज्यें कशानें टिकतात व कशानें बुडतात याचा विचार करावयाचा, असा त्याचा बेत होता. मात्र ज्यास बरेंवाईट पारखतां येतें त्यालाच अशा संग्रहाचा उपयोग, असेंही त्यानें तेथेंच बजाविलें आहे.

दैवयोग असा कीं, या अभ्यासाचा निष्कर्ष जो ‘पॉलिटिक्स’ ग्रंथ तो शिल्लक राहिला आणि ज्यावर तो उभारला तो संग्रह नाहींसा झाला. आमच्याकडील भाषेंत बोलावयाचें तर बखर हातीं लागली, दप्तर गेलें. ‘पॉलिटिक्स’च्या दुसऱ्या भागांत स्पार्टा, क्रीट व कार्थेज यांच्या घटना शेजारीं शेजारीं ठेवून तपासल्या आहेत. त्यांत कार्थेजसारख्या ग्रीकेतर राज्यास दिलेलें मानाचें स्थान पाहून आम्हांस नेहमीं कौतुक वाटत आलें आहे. परंतु हे निर्णय कोणत्या पुराव्यावर दिले हें तपासण्याची सोय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कोणासही नव्हती. हेराक्लायडीस लेम्बस नांवाच्या गृहस्थानें ख्रि. पू. दुसऱ्या शतकांत चाळीसांहून अधिक घटनांचे उतारे काढले होते, त्यांचे तुटक अवशेष आणि कोशकारांनीं व टीकाकारांनीं उद्धृत केलेलीं वाक्यें एवढीच काय ती सामग्री. ती गोळा करणारा जर्मन पंडित व्हॅलेंटिन रोझ याचें तर मत होतें कीं, हा संग्रह आरिस्टॉटलचा नव्हेच. त्याच्या अवशेषसंग्रहाची शेवटची आवृत्ति १८८६ सालीं निघाली, आणि पांच वर्षांच्या आंत मूळ ग्रंथच पुढें आला.

१८८८-८९ सालीं ब्रिटिश म्यूझिअमनें ईजिप्तमधून कांहीं पपायरस-गुंडाळ्या मिळविल्या. त्यांतील चार गुंडाळ्यांच्या पोटावर हर्मोपोलिसजवळील एका शेतवाडीचा जमाखर्च होता. एपिमाखस या मालकासाठीं त्याचा कारभारी डिडिमस यानें तो लिहिला असून सम्राट् व्हेस्पेशिअनच्या दहाव्या व अकराव्या वर्षाचा, म्हणजे इ. स. ७८-७९ चा आहे. हिशेब जुने होऊन निरुपयोगी झाल्यावर कोणीं तरी पाठकोऱ्या बाजूवर अथेन्सची राज्यघटना उतरून घेतली. म्यूझिअममधील तरुण अधिकारी फ्रेडरिक केन्यन यानें ती ओळखली व जानेवारी १८९१ मध्यें छापून प्रसिद्ध केली. ईजिप्तमधूनच बर्लिनला आलेले दोन जीर्ण तुकडे १८८० सालीं छापले गेले होते. तेही याच ग्रंथाचे, हें एका पंडिताचें अनुमान आतां निर्विवाद ठरलें.

ज्यांनीं रुमाल सोडून कागद उलटेसुलटे करून पाहिले आहेत त्यांना या पोथीच्या बाह्यांगाची गोडी विशेष वाटेल. तींत चार निरनिराळे हात दिसतात. पहिला हात बारीक, जलद व संक्षेपांनीं भरलेला आहे. मध्येंच एके ठिकाणीं डेमॉस्थेनीसच्या मिडियसविरुद्धच्या भाषणावरील टिपणाचा तुकडा आला आहे. तो कोणीं तरी आधीं लिहून सोडून दिला होता आणि राज्यघटनेच्या लेखकांनीं त्यास वळसा घालून आपलें काम पुढें चालविलें. थोडक्यांत, ही बाजारांत विकावयाची सुबक प्रत नसून स्वतःच्या वाचनासाठीं काटकसरीनें केलेली नक्कल आहे. आमच्याकडे पाठपोट लिहिलेल्या कागदांची ‘महत्त्वाची’ बाजू तेवढी नकलून दुसरी सोडून देण्याची वाईट खोड अजून गेलेली नाहीं. डिडिमसचा जमाखर्च नसता तर या प्रतीचा काळ इतक्या नेमकेपणानें बांधतां आला नसता, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

ग्रंथाचे ६९ अध्याय आहेत. पहिल्या ४१ अध्यायांत अथेन्सच्या राज्यपद्धतीचा इतिहास असून तींत अकरा स्थित्यंतरें मोजलीं आहेत. पुढील भागांत ग्रंथकाराच्या वेळचा कारभार वर्णिला आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीनें हा दुसरा भाग अमोल होय. ‘लोकसत्ता’ हा शब्द कोणीही उच्चारील, पण ती दररोज चालत कशी होती? पांचशेंची सभा दहा गणांतून प्रत्येकीं पन्नास याप्रमाणें चिठ्ठ्या टाकून निवडली जाई. प्रत्येक गणाचे पन्नास पाळीपाळीनें अधिकारावर बसत. पहिल्या चार पाळ्या ३६ दिवसांच्या व उरलेल्या सहा ३५ दिवसांच्या, मिळून ३५४ दिवसांचें चांद्रवर्ष पुरें होई. त्या पन्नासांतील एकजण एक दिवस व एक रात्र अध्यक्ष असे. ज्या देवळांत राज्याचा पैसा व दप्तर ठेवलेलें असे त्यांच्या किल्ल्या व राज्याची मुद्रा त्याजकडे असत, आणि हा मान कोणासही दुसऱ्यांदा मिळत नसे. न्यायसभेंत बसणारास तीन ओबोल मिळत, पांचशेंच्या सभासदास पांच, व मुख्य लोकसभेस हजर राहणारास नऊ. न्यायसभेच्या मतदानासाठीं कांशाच्या चकत्या असत; एकीचा आंस भरीव, दुसरीचा पोकळ, व त्या बोटांत अशा धराव्या लागत कीं मत कोणत्या बाजूस पडलें हें शेजाऱ्यासही कळूं नये. अशा चकत्या अथेन्सच्या उत्खननांत सांपडल्या आहेत, व चिठ्ठ्या टाकण्याच्या दगडी यंत्रांची ओळख विसाव्या शतकाच्या चवथ्या दशकांत पटली. तेव्हां या भागाची साक्ष जमिनीनेंही दिली आहे.

ऐतिहासिक भागाविषयीं मात्र सावधगिरी पाहिजे. ख्रि. पू. ४११ मधील चारशेंच्या क्रांतीचें वर्णन थ्युसिडिडीसनेंही केलें आहे. मसुदा करण्यास पूर्ण अधिकाराचे दहा इसम नेमले असें तो म्हणतो. आमचा ग्रंथ आधींचे दहा व नवे वीस मिळून तीस सांगतो. ठरावांचे मसुदे या ग्रंथांत विस्तारानें आहेत, तर त्या दिवसांत शहरांत पसरलेली दहशत थ्युसिडिडीसमध्यें आहे. दस्तऐवज व साक्ष यांचा हा विरोध मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नवा नाहीं. आमच्या मतें संख्येबाबत येथें दस्तऐवजाकडे झुकावें, पण त्या संख्येच्या अर्थाबाबत थ्युसिडिडीसला सोडूं नये.

चवथा अध्याय याहून बिकट आहे. त्यांत ड्रेकोनें एक संपूर्ण राज्यघटना केली व तींत ४०१ जणांची सभा होती असें म्हटलें आहे. उलट ‘पॉलिटिक्स’मध्यें ड्रेकोनें चालू घटनेंतच कायदे केले असें स्पष्ट आहे. शिवाय या अध्यायांत गैरहजेरीचा दंड ड्राख्मांत सांगितला आहे, व त्या काळीं अथेन्सला नाणेंच नव्हतें. निर्णायक खूण ४१ व्या अध्यायांत सांपडते. तेथें स्थित्यंतरांस क्रमांक दिले असतां ड्रेकोच्या स्थित्यंतरास क्रमांकच नाहीं. थीसियसचें दुसरें व सोलनचें तिसरें. मागाहून घुसडलेला मजकूर मोजणीच्या पटांत बसविण्याचें राहून गेलें, असें आम्हांस वाटतें. ग्रंथ खुद्द आरिस्टॉटलचा कीं त्याच्या एखाद्या शिष्याचा, हा वाद केन्यनच्या दिवसांपासून चालू आहे. पी. जे. ऱ्होड्स यानें १९८१ च्या आपल्या विस्तृत भाष्यांत शिष्याचा पक्ष घेतला असून आमचाही कल तिकडेच आहे. १५८ घटना एकट्यानें जुळविणें संभवनीय दिसत नाहीं, आणि शाळेंत गुरूनें शिष्यांकडून अशीं कामें करून घेणें अगदीं स्वाभाविक आहे.

असाच प्रसंग आपल्याकडे लवकरच घडला. तंजावर जिल्ह्यांतील एका पंडितानें म्हैसूरच्या प्राच्यग्रंथालयास दिलेल्या पोथींतून शामशास्त्री यांनीं कौटिल्याचें अर्थशास्त्र उजेडांत आणलें व १९०९ सालीं छापलें, पुढें कंगले यांची चिकित्सक आवृत्ति मुंबई विद्यापीठानें १९६० पासून प्रसिद्ध केली. अकराव्या अधिकरणांत लिच्छविक, वृजिक, मल्लक इत्यादि संघांचीं नांवें आहेत, पण विजिगीषूनें ते संघ वश कसे करावे अथवा फोडावे कसे याचाच तेथें विचार आहे. संघांत मतें कशीं घेत, सभेस कोण बसत, हें कौटिल्य सांगत नाहीं. विनयपिटकांत शलाका वांटून मत घेण्याचे गुप्त, कानांत कुजबुजून व उघड असे तीन प्रकार वर्णिले आहेत खरे. परंतु ते भिक्षुसंघाचे नियम होत. त्यावरून गणराज्यांचा कारभार सिद्ध करणें हें अनुमान आहे, पुरावा नव्हे. आमच्यापैकीं कित्येकांनीं अथेन्सची चकती व वैशालीची शलाका एकाच मापानें मोजलेली आम्ही पाहिली आहे. हा उत्साह आम्हांस पटत नाहीं.

उरलेल्या १५७ घटनांपैकीं एकही संपूर्ण सांपडलेली नाहीं. अथेन्सचीही पूर्ण नाहीं: शेवटचीं पानें फाटकीं आहेत, व नकलणाऱ्याच्या पुढील मूळ प्रतीचाच आरंभ गेलेला असावा. कारण पहिल्या स्तंभाच्या आधीं त्यानें जागा कोरी सोडली आहे, आणि ती तशीच कोरी आहे.