हाथीपोलची चढण

ग्वाल्हेरचा किल्ला ज्या डोंगरावर उभा आहे तो वालुकाश्माचा, म्हणजे वाळूचे थर युगानुयुगे दाबले जाऊन घट्ट झालेल्या दगडाचा असून जुन्या लेखांत त्याला गोपगिरी किंवा गोपाचल असे म्हटले आहे. त्याची लांबी सुमारे ३ किलोमीटर आणि उंची सुमारे १०० मीटर भरते, रुंदी मात्र काही ठिकाणी २०० मीटरांपेक्षाही कमी आहे. माथ्यावर जाण्याचे प्रचलित मार्ग दोन. वाहनाने येणारा प्रवासी पश्चिमेच्या उरवाही नावाच्या घळीतून वर येतो, तर पायी येणारा पूर्वेच्या पायथ्याशी असलेल्या गुजरी महालापासून एकामागून एक दरवाजे ओलांडीत चढतो. कोणत्या बाजूने चढावे ही वरवर पाहता सोयीची बाब आहे. पण किल्ल्याचा इतिहास कोणत्या क्रमाने भेटणार, हे त्या निवडीवरच ठरते. शिवाय किल्ला बांधणाऱ्यांइतकाच तो पाहायला आलेल्यांनीही घडवला आहे, कारण गेल्या जवळजवळ सातशे वर्षांत येथे येऊन गेलेल्या पाहुण्यांनी जे वाखाणले, जे फोडले आणि जे सावरले, त्याच्याच खुणा आजच्या प्रवाशाच्या वाट्याला येतात.

पूर्वेची वाट ही खरी राजवाट होय. औरंगजेबाच्या काळातील आलमगिरी दरवाजापासून ती सुरू होते आणि बादलगड, गणेश, लक्ष्मण असे दरवाजे मागे टाकीत, उजव्या हाताला कड्याचा उभा दगड आणि डाव्या हाताला खाली पसरत जाणारे शहर ठेवून हाथीपोलपाशी पोचते. पोल म्हणजे मोठा दरवाजा, महाद्वार. या महाद्वाराला हत्तीचे नाव असले तरी तेथे आज एकही हत्ती नाही. पूर्वी तो होता. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथून गेला, तेव्हा किल्ल्याच्या दाराशी माहुतासह कोरलेला दगडी हत्ती त्याने पाहिला आणि तो दुरून खराच वाटतो असे नोंदवले. पुढे बाबरानेही या दाराबाहेरील हत्तीचे वर्णन केले, त्यावर बसलेल्या दोन माणसांसह. मधल्या काळात दरवाजाची बांधणी बदलली असल्याने दोघांनी पाहिलेला हत्ती एकच होता असे धरून चालता येत नाही. तरीही निरनिराळ्या शतकांतले, निरनिराळ्या देशांतून आलेले दोन प्रवासी एकाच चढणीच्या टोकाशी थबकून एका दगडी हत्तीकडे पाहतात, ही गोष्ट या वाटेबद्दल पुष्कळ काही सांगून जाते. मूर्ती गेली, पण दाराचे नाव लोकांच्या तोंडी राहिले.

बाबराची भेट विशेष महत्त्वाची आहे, कारण तो येथे लढायला नव्हे, तर पाहायला आला होता. किल्ला त्याच्या ताब्यात आधीच आला होता आणि तेथे त्याचा अधिकारी रहीमदाद नेमलेला होता. सप्टेंबर १५२८च्या अखेरीस धोलपूरमार्गे येऊन त्याने किल्ला नीट हिंडून पाहिला आणि आपल्या चगताई तुर्की आत्मचरित्रात त्याचे इतके बारकाईने वर्णन केले की उत्तर हिंदुस्थानातील एखाद्या वास्तूचे तत्कालीन स्थलदर्शन म्हणून त्या पानांची बरोबरी करणारे लेखन थोडेच सापडेल. तोमर राजा मानसिंह (१४८६–१५१६) याचा वाडा, ज्याला आज मानमंदिर म्हणतात, तेव्हा जुना म्हणण्याइतकाही झाला नव्हता. त्याच्या घुमटांवर सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे होते, दर्शनी बाजूवर पांढरा चुन्याचा लेप होता आणि भिंतींवर हिरव्या फरश्यांत केळीची झाडे काढलेली होती. बाबराला ही कारागिरी अद्भुत वाटली, पण मांडणी बेढब आणि खालचे मजले अंधारे वाटले. दिव्यावाचून तेथे काही दिसत नाही, हे त्याने मोकळेपणाने लिहिले.

आज ते पत्रे नाहीत आणि चुन्याचा लेपही बहुतांशी गेला आहे, परंतु पूर्वेच्या भिंतीवरील रंगीत फरश्या पुष्कळशा टिकल्या आहेत. या फरश्या म्हणजे काचेसारखा चमकदार मुलामा देऊन भाजलेले तुकडे होत. भिंतीच्या दगडात नेमकी खाच कोरून ते असे बसवले आहेत की चित्र भिंतीवर चिकटवल्यासारखे नव्हे, तर भिंतीतूनच उमटल्यासारखे दिसते. एका पट्टीत पिवळ्या बदकांची रांग चालते, दुसऱ्या पट्टीत हत्ती, आणखी एका ठिकाणी मगरी, आणि बुरुजांच्या अंगावर बाबराने पाहिलेली ती केळ अजून पाने पसरून उभी आहे. बाबराच्या नजरेत हिरवा रंग भरला होता. आजच्या प्रवाशाला आधी दिसतो तो निळा. सकाळचे ऊन थेट या बाजूवर येते, त्यामुळे पूर्वेची चढण सकाळीच चढावी, हे जाणकारांचे सांगणे अगदी योग्य आहे. मानसिंहाच्या दरबारात ध्रुपद या गंभीर, विस्तारी गायनप्रकाराला मिळालेला आश्रय लक्षात घेतला, तर आतल्या चौकांची लहान मापे आणि जाळीदार दगडी पडदे हे ऐकणाऱ्यांच्या सोयीचेही असावेत असे मानावेसे वाटते.

दुसऱ्या बाजूस त्याच पाहुण्याची नजर कठोर झाली. पश्चिमेच्या उरवाही घळीत पंधराव्या शतकात डूंगरसिंह आणि त्याचा मुलगा कीर्तिसिंह या तोमर राजांच्या काळी जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कड्यातच कोरल्या गेल्या होत्या. त्यांवरील लेख साधारणपणे १४४० ते १४७३ या काळातले आहेत. त्या पिढीतील अपभ्रंश कवी रइधू याचा या दरबाराशी आणि येथील श्रावकांशी, म्हणजे जैन गृहस्थांशी, जवळचा संबंध होता. राजा स्वतः जैन नसताना व्यापारी श्रावकांनी खर्च करून एवढे काम उभे केले, यावरून त्या काळच्या ग्वाल्हेरची समृद्धी आणि राज्यकर्त्यांची उदारता दोन्ही कळतात. सर्वांत मोठी आदिनाथांची उभी मूर्ती ५७ फूट, म्हणजे सुमारे १७ मीटर उंच आहे. बाबराला ही जागा आवडली, मूर्तींची नग्नता मात्र सहन झाली नाही आणि त्याने त्या नष्ट करण्याचा हुकूम दिला. कडा फोडून काढणे शक्य नव्हते, तेव्हा घाव मुख्यतः चेहऱ्यांवर पडले. पुढे जैन समाजाने अनेक मूर्तींची तोंडे चुन्याने पुन्हा घडवली. वाहनातून वर जाणाऱ्याला वळणावर या मूर्ती क्षणभर दिसतात. खाली उतरून पायांपासून वर पाहत गेले म्हणजेच जुना दगड कोठे संपतो आणि दुरुस्तीचा लेप कोठे सुरू होतो, ते ओळखू येते. हिंसा आणि भक्ती यांचा इतका उघड लेख कागदावर क्वचितच सापडतो.

याच बाबराने रहीमदादच्या बागेतली गडद लाल कण्हेर पाहून तिची रोपे आग्र्याच्या बागांसाठी नेली, हेही त्याच लेखनात आहे.

मोगल काळात किल्ला पाहण्याची नव्हे, तर भिण्याची जागा बनला. राजघराण्यातील नकोशा माणसांना येथे कैदेत ठेवले जाई. औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष याला १६६१ साली येथेच मृत्युदंड देण्यात आला, तर त्याचा दुसरा भाऊ दारा शिकोह याचा मुलगा सुलेमान शिकोह याचाही शेवट येथेच झाला. कैद्यांना पोस्त पाजले जाई, असे फ्रेंच वैद्य बर्निए याने लिहिले आहे. पोस्त म्हणजे अफूची बोंडे रात्रभर पाण्यात भिजवून काढलेले पेय, जे रोज सकाळी रिकाम्या पोटी दिल्यास माणूस हळूहळू शरीराने आणि बुद्धीने खंगत जातो. या कैदेची एक आठवण मात्र आनंदाची आहे. शीख परंपरेनुसार जहांगिराने डांबलेले सहावे गुरू हरगोबिंद यांनी स्वतःबरोबर ५२ राजांची सुटका करवली, म्हणून किल्ल्यावरील गुरुद्वाराला दाता बंदी छोड असे नाव आहे आणि शीख समाज दिवाळीच्या सुमारास बंदी छोड दिवस पाळतो. किल्ल्याच्या पायथ्याशी सूफी संत महंमद घौस यांची मोठी जाळीदार कबर आहे आणि तिच्या आवारात तानसेनाची लहानशी कबर. तेथील चिंचेचा पाला चघळला की गळा सुरेल होतो, या श्रद्धेने गवई अजूनही येतात. महाराष्ट्राला या गावाचे ऋण वेगळे सांगायला नको, कारण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथली गायकी शिकून दक्षिणेत आले आणि त्यांच्यापासून ती घरोघर पोचली.

मराठ्यांचा संबंध तलवारीने सुरू झाला. अठराव्या शतकाच्या मध्यास विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी किल्ला घेतला, पुढे तो शिंद्यांकडे आला. ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रजांच्या कॅप्टन पॉपहॅम याच्या तुकडीने रात्री शिड्या लावून, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून कापूस भरलेले लोकरी जोडे घालून, अजिंक्य समजला जाणारा कडा चढून तो काबीज केला. महादजी शिंदे यांनी काही वर्षांतच तो परत मिळवला. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला आणि त्या तळाचेच गाव झाले, म्हणूनच राजधानीच्या त्या भागाचे नाव आजही लष्कर असे आहे. याच घराण्यातील बायजाबाई शिंदे यांनी मथुरेला मोठा यज्ञ योजल्याची वार्ता कोकणात वरसईपर्यंत गेली आणि दक्षिणेच्या आशेने विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले. ऐन १८५७ मध्ये घडलेल्या त्या यात्रेतून ‘माझा प्रवास’ हे अमोल पुस्तक मराठीला मिळाले. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळच लढताना पडल्या. किल्ल्यावर इंग्रजी फौज १८८६ पर्यंत होती, आणि झाशीच्या बदल्यात तो शिंद्यांना परत मिळाला. जयाजीराव शिंदे यांनी १८७४ मध्ये पूर्ण करविलेला जयविलास राजवाडा मायकेल फिलोज याने युरोपीय धाटणीवर बांधला. तेथील दोन अवजड झुंबरे छताला पेलतील की नाही हे पाहण्यासाठी आधी छतावर हत्ती चढवले होते, असे सांगितले जाते आणि प्रवाशांना तेवढेच लक्षात राहते. मानमंदिराच्या शेजारी ठेवून पाहिल्यास मात्र हा वाडा दुसऱ्याच कोणाच्या घराची आठवण करून देतो.

पाहणाऱ्यांची पुढची पिढी मोजणाऱ्यांची होती. अलेक्झांडर कनिंगहॅम याने १८६०च्या दशकातील आपल्या अहवालांत किल्ल्यावरील देवळे, मूर्ती आणि शिलालेख यांची तपशीलवार नोंद केली. मेजर कीथ याने १८८० च्या दशकात दुरुस्तीची कामे हाती घेतली. त्यांतले प्रमुख तेली का मंदिर. आठव्या-नवव्या शतकातले हे उंच देऊळ आयताकृती असून त्याचे छप्पर नेहमीच्या शिखरासारखे निमुळते न होता हत्तीच्या पाठीसारखे लांबट गोलाई घेते. सास-बहू देवळांपैकी मोठ्याचे, १०९३च्या लेखाने काळ निश्चित झालेल्या विष्णुमंदिराचे, शिखर आज नाही, तरीही मंडपातील खांबांवरून हात फिरवला की कारागिराच्या छिन्नीची धार अजून जाणवते. १९१३ मध्ये ग्वाल्हेर संस्थानाने स्वतःचे पुरातत्त्व खाते काढले. त्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी संस्थानभर हिंडून लेख वाचले, मूर्ती गोळा केल्या आणि गुजरी महालात संग्रहालय उभे केले. मानसिंहाने आपली राणी मृगनयनी हिच्यासाठी बांधलेला महाल ग्यारसपूरच्या शालभंजिकेचे, म्हणजे झाडाशी लडिवाळपणे उभ्या असलेल्या सुंदरीच्या मूर्तीचे घर झाला. आज तेथे जी मांडणी दिसते तिच्यामागे गर्द्यांची चिकाटी आहे, आणि महाराष्ट्रात त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही याची खंत वाटते.

पूर्वेच्या वाटेने उतरताना लक्ष्मण दरवाजाच्या जवळ कड्यातून कोरून काढलेले चतुर्भुज मंदिर लागते. ते इतके लहान आहे की धापा टाकीत चढणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटते, उतरताना मात्र सापडते. प्रतिहार राजा भोज याच्या काळात अल्ल नावाच्या अधिकाऱ्याने ते करविले. गाभाऱ्यातील शिलालेखात विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६, हे वर्ष असून देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिल्याचे लिहिले आहे. २७० मधील शून्य हे शेजारच्या अंकांहून किंचित लहान असे वर्तुळ आहे; निश्चित काळ असलेल्या लेखांत स्थानमूल्यासह कोरलेल्या भारतातील जुन्या शून्यांपैकी ते एक असल्याने जगभरचे गणिताचे अभ्यासक केवळ तेवढ्यासाठी ही चढण चढतात. तेच वर्तुळ आणखी एका संख्येत येते. त्या ओळीत देवाला रोज ५० माळा द्याव्यात, असे गडावरच्या माळ्यांना बजावले आहे, आणि माळा त्या त्या ऋतूत बाजारात मिळतील त्या फुलांच्या असाव्यात.