आगबोटीच्या इंधनातील गंधक

बेळगावची उद्यमबाग म्हटली की ओतशाळा, लेथ यंत्रे आणि एंजिनांचे सुटे भाग डोळ्यांपुढे येतात. समुद्र येथून दूर. घाट उतरून गोव्याला जावे तेव्हा मुरगावच्या बंदरात मोठ्या बोटी दृष्टीस पडतात. मग उद्यमबागेचे नाव घेऊन बोटींच्या इंधनाविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, अशी शंका श्रोत्यांना येणे साहजिक आहे. प्रयोजन आहे ते गंधकाचे. ज्या गंधकाने गेली पाऊणशे वर्षे बोटींवरील एंजिनिअरांना सतावले, त्याच्याशी ओतकाम करणाऱ्यांचे वैर त्याहूनही जुने आहे.

भट्टीत कोक जळतो तेव्हा कोकमधील गंधकाचा काही अंश वितळलेल्या बिडात उतरतो. तो लोखंडाशी संयोग पावला की ओतीव ठिसूळ होते. म्हणून बिडात मँगनीज राखतात. मँगनीज गंधकाला आपल्याकडे ओढून बांधून ठेवते. याचा हिशेबही ठरून गेला आहे : गंधकाच्या टक्केवारीची १.७ पट आणि वर सुमारे ०.३ टक्के. परंतु गंधक अगदीच नाहीसा झाला, तर करड्या बिडात ग्रॅफाइटच्या पाकळ्या नीट धरत नाहीत, हेही अनुभवी ओतारी जाणतात. शत्रू समूळ नाहीसा झाला म्हणजे सर्व अडचणी संपल्या असे होत नाही. बोटींच्या बाबतीत हेच पुढे कसे घडले, ते पाहावयाचे आहे.

एके काळी कोकण किनाऱ्यावरच्या आगबोटी काय किंवा विलायतेला जाणाऱ्या काय, कोळशावरच चालत. १९१२ साली कोपनहेगनच्या कारखान्यात बांधलेली ‘सेलांडिया’ ही मोठी मालबोट डिझेल एंजिनावर बँकॉकपर्यंत जाऊन आली, आणि बोटीला धुराडे व कोळसा ओढणारे खलाशी लागतातच असे नाही, हे जगाला कळून चुकले. पण त्या एंजिनांना लागणारे तेल स्वच्छ आणि म्हणून महागडे होते. खनिज तेल शुद्ध करताना पेट्रोल, रॉकेल, डिझेल ही वरची साय निघून गेल्यावर तळाशी जो काळा, डांबरासारखा दाट अवशेष उरतो, तो स्वस्त होता. मात्र तो बॉयलरखाली जाळावा, एंजिनात घालू नये, असाच सर्वांचा समज होता.

हा समज खोडून काढण्याचे श्रेय मुख्यतः जॉन लॅम्ब या इंग्रज सागरी एंजिनिअरास जाते. शेल समूहाच्या ‘ऑरिक्युला’ या तेलवाहू बोटीवर १९४६ पासून त्याने प्रयोग केले. दाट तेल आधी तापवून पातळ करावयाचे, मग दुधातून साय वेगळी करणाऱ्या यंत्राच्याच तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रातून फिरवून त्यातील पाणी व गाळ काढावयाचा, आणि नंतर ते एंजिनाला द्यावयाचे, ही त्याची रीत. प्रत्यक्ष सफरींवर ती यशस्वी झाली. १९४८ साली त्याने आपले अनुभव सागरी एंजिनिअरांच्या सभेपुढे निबंधरूपाने मांडले, आणि पुढील काही वर्षांत बहुतेक मोठ्या बोटी या तळाच्या तेलावर आल्या.

तळाच्या तेलात गंधकही साचून राहतो. जळताना त्याचा वायू होतो, त्या वायूचा पाण्याच्या वाफेशी संयोग होऊन गंधकाम्ल बनते, आणि सिलिंडरच्या आतील बिडाच्या नळीवर दंवासारखे बसून ते तिला कुरतडू लागते. यावर १९५० नंतरच्या दशकात तोड निघाली ती क्षारयुक्त वंगणाची. आम्लाला वंगणातील क्षाराने तेथल्या तेथे मारावे, अशी ही योजना. ती इतकी यशस्वी झाली की इंधनात तीन-साडेतीन टक्के गंधक असला तरी एंजिनाला त्याची फारशी क्षिती वाटेनाशी झाली. एंजिन वाचले, धुराचे काय, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. भर समुद्रात तक्रार करावयास होते कोण? जमिनीवर जे जाळावयाला लोक कुरकुर करू लागले, ते समुद्रावर खपू लागले, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

जमिनीवर मात्र कुरकुर आपल्याच मुंबईत ऐकू येत होती. ट्रॉम्बेला १९५४ व १९५५ साली दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, १९५६ साली टाटांचे वीजकेंद्र उभे राहिले, आणि शेजारच्या चेंबूरला पुढे लोक ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या खोदनौकेला मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाखाली तेल लागले व १९७६ पासून ते वर येऊ लागले. या ‘बॉम्बे हाय’च्या तेलाचा एक गुण त्या वेळी फार गाजला नाही, पण आमच्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा : त्यात गंधक अवघा ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. अरबस्तानच्या कित्येक तेलांत तो दीड ते तीन टक्के असतो.

साहजिकच या तेलाचा तळाचा अवशेषही कमी गंधकाचा. त्याला बाजारात ‘लो सल्फर हेवी स्टॉक’ असे नाव मिळाले आणि वीजकेंद्रांच्या बॉयलरांत तो जळू लागला. पण ‘बॉम्बे हाय’च्या तेलात मेण फार. आपल्याकडच्या उन्हाळ्यातसुद्धा हा अवशेष टाकीत थिजून बसे. त्याच्या नळांना वाफेचे वेष्टण द्यावे लागे, टाक्या अहोरात्र तापत्या ठेवाव्या लागत. चिमणीवरचा भार हलका झाला आणि नळ सांभाळणाऱ्यांचा वाढला. गंधक कमी, मेण जास्त, हा सौदा मुंबईच्या बॉयलरवाल्यांनी बोटवाल्यांच्या पुष्कळ आधी करून पाहिला होता, आणि याची जितकी नोंद घेतली जावयास हवी होती तितकी घेतली गेली नाही, असे मला वाटते.

ट्रॉम्बेची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८४ साली तेथे ५०० मेगावॉटचा संच सुरू झाला, आणि १९८८ च्या सुमारास त्याच्या धुरातील गंधकवायू समुद्राच्या पाण्याने धुऊन काढण्याची यंत्रणा बसविण्यात आली. समुद्राचे पाणी जात्याच किंचित क्षारधर्मी असते. ते गंधकवायू शोषून घेते आणि त्याचे सल्फेटमध्ये रूपांतर होते. सल्फेट तर समुद्रात मुळातच विपुल आहे. भारतातील हा पहिलाच प्रयोग.

समुद्रावरील धुराकडे जगाचे लक्ष वळले ते उशिरा. उत्तर युरोपात आम्लवर्षेने तळी निर्जीव होऊ लागली, आणि वारा सरहद्दी मानीत नाही हे तेथील राष्ट्रांना पटले. १९९७ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने बोटींच्या इंधनातील गंधकावर पहिली मर्यादा घातली. तीही किती? साडेचार टक्के. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक इंधनात मुळातच त्याहून कमी गंधक होता, तेव्हा हा नियम पाळण्यास कोणाला तोशीस पडण्याचे कारण नव्हते. शिवाय तो अंमलात यावयास २००५ साल उजाडले. पुढे बाल्टिक व उत्तर समुद्रासाठी वेगळे, कडक नियम झाले. त्या भागात २०१५ पासून मर्यादा ०.१ टक्क्यावर आली. इतर समुद्रांवर ती २०१२ साली साडेतीन टक्के आणि १ जानेवारी २०२० पासून अर्धा टक्का झाली.

साडेतीनवरून एकदम अर्ध्यावर येण्यासाठी तेलकंपन्यांनी निरनिराळी तेले मिसळून नवी इंधने तयार केली, आणि खरी परीक्षा तेथे सुरू झाली. एका बंदरातील इंधन दुसऱ्या बंदरातील इंधनात मिसळले की कधी कधी डांबरी द्रव्य फाटलेल्या दुधाप्रमाणे वेगळे होऊन गाळण्या तुंबत. काही मिश्रणांत मेण इतके, की थंड समुद्रात टाकीचा तळ घट्ट होई, ट्रॉम्बेचीच कहाणी. तेलशुद्धीकरणात वापरलेल्या उत्प्रेरकाचे बारीक, कठीण कण इंधनात राहून गेले तर ते सिलिंडर खरवडीत. त्यांची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम ठरलेली आहे. आणि गंधकाम्लाला मारण्यासाठी जो क्षार वंगणात घातला होता, त्याला आता मारावयास पुरेसे आम्लच उरले नाही. तो दट्ट्याच्या माथ्यावर कठीण थर होऊन बसू लागला आणि बिडाच्या नळीला आरशासारखी झिलई येऊ लागली. झिलई आली की नळीवर वंगण ठरत नाही. तेव्हा वंगणही बदलणे आले.

यातील एक परीक्षा इतकी साधी आहे की ती कोणालाही समजावी. दोन इंधने मिसळून, तापवून, त्याचा एक थेंब टीपकागदासारख्या गाळणकागदावर सोडतात व तो वाळवितात. डाग सर्वत्र एकसारखा पसरला तर मिश्रण ठीक. मध्ये काळे वर्तुळ उमटले तर ती दोन इंधने एका टाकीत घालू नयेत. लक्षावधी रुपयांचे एंजिन कित्येकदा या थेंबाच्या साक्षीवर अवलंबून असते. इंधन भरताना घेतलेला मोहोरबंद नमुनाही निदान बारा महिने जपून ठेवावा लागतो. आपल्या नौदलानेही जानेवारी २०२० मध्ये इंडियन ऑइलच्या साहाय्याने नव्या प्रतीचे डिझेल स्वीकारले. त्याच्या कसोट्यांत गंधकाचे प्रमाण ही एक होती.

ज्या मालकांना महाग इंधन घ्यावयाचे नव्हते, त्यांनी जुनेच तेल ठेवून धुराड्यात समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी यंत्रे बसविली. तत्त्व ट्रॉम्बेचेच. परंतु धुतलेले पाणी जाते समुद्रातच, आणि बंदरातील उथळ पाण्यात ते सोडण्यास सिंगापूरसारख्या बंदरांनी २०२० पासून बंदी केली आहे. भूमध्य समुद्रात १ मे २०२५ पासून ०.१ टक्क्याची मर्यादा लागू झाली. मुरगावाहून खनिज घेऊन सुएझमार्गे युरोपकडे निघालेल्या बोटीला आता पोर्ट सैदच्या पलीकडे जाण्यापूर्वी, धूर धुण्याचे यंत्र नसेल तर, अर्ध्या टक्क्याच्या टाकीची कळ बंद करून ०.१ टक्क्याच्या टाकीची उघडावी लागते.