बुटक्या केळीचा दाखला

पनवेलच्या बाजारात दोन तऱ्हेची केळी सहज मिळतात. एक बोटभर लांबीची, पातळ सालीची वेलची. दुसरी ट्रकने येणारी लांब ग्रँड नैन, साच्यातून काढल्यासारखी एकसारखी. हा एकसारखेपणा कुठून आला, याचा माग काढायला मी निघालो आणि पोचलो एका बुटक्या झाडापाशी.

खायच्या केळ्यात बी धरत नाही. लागवडीच्या बहुतेक जातींत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बीज जुळतच नाही. परसातली केळ वाढते ती मुनव्यावर, आणि मुनवा म्हणजे आईची नक्कल. पण पिढ्यान्‌पिढ्या नकला काढताना एखादी चुकते. उंची घटते, सालीचा रंग पालटतो. आवडली तर माणसाने ती चूक राखली, नाहीतर उपटून टाकली.

दक्षिण चीनमधली एक केळ मॉरिशसमार्गे १८३०च्या सुमारास इंग्लंडात ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या बागेत पोचली. त्याचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने ती काचगृहात वाढवली आणि मालकाच्या आडनावावरून ती कॅव्हेंडिश झाली. खानदेशाने कित्येक दशके जोपासलेली बसराई याच कुळातली बुटकी. ग्रँड नैन तिची उंच बहीण. दोघींतला फरक कुणी संकर करून आणलेला नाही, तो नक्कल चुकल्यामुळे आला.

१९९०च्या दशकात जळगावात ‘टिशूची’ ग्रँड नैन आली आणि बसराई मागे हटली. तलवारी मुनव्याची आवरणे सोलत जायचे, आतला काही मिलिमीटरचा कोंब निर्जंतुक करायचा आणि अगार, क्षार, साखर व संप्रेरके घातलेल्या बाटलीत लावायचा. क्षारांचे हे मिश्रण मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी बसवले होते. कोंबाला कोंब फुटतात, ते वेगळे करून पुन्हा लावायचे. एकाचे तीन धरले तरी आठ फेऱ्यांत साडेसहा हजार. परसात ज्याला पिढ्या लागत, ते इथे वर्षभरात होते. साहजिकच चुकाही वेगाने साठतात. म्हणून फेऱ्यांना मर्यादा घालतात.

कॅव्हेंडिशच्या बाटलीत सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे बुटकेपण! प्रयोगशाळा जिला दोष म्हणते, त्याच वळणाची बसराई खानदेशात घरोघर मान मिळवून होती. अर्थात बाटलीतली प्रत्येक बुटकी बसराई नव्हे. पुष्कळदा घड गळ्यात अडकतो, फण्या दाटतात, फळ आखूड राहते. वीतभर रोपात हे सहज ओळखू येत नाही. कळते तेव्हा ठिबक, खत, मजुरी सगळे होऊन गेलेले असते.

त्यासाठी तपासणी आली. पानातला डीएनए काढून त्याचे ठरावीक तुकडे यंत्रात वाढवतात, जेलवर पळवतात आणि आईचे पट्टे लेकीच्या पट्ट्यांशी ताडून पाहतात. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली ऊतिसंवर्धित रोपांसाठी प्रमाणन सुरू केले. त्यात विषाणूंबरोबर ही जनुकीय ओळखही येते. चाचणी उपयोगाची आहे, पण माझ्या मते तिच्यावर जरा जास्तच भिस्त ठेवली जाते. पट्टे जुळले याचा अर्थ पाहिलेल्या जागा जुळल्या, एवढाच. न पाहिलेल्या जागी बदल असू शकतो.

तैवानमध्ये नेमके उलटे घडले. तिथल्या कॅव्हेंडिशला मर रोगाने घेरले, तेव्हा ऊतिसंवर्धनाची रोपे रोगट जमिनीत लावली गेली. त्यांतली थोडी टिकली. ती आईसारखी नव्हती, म्हणूनच टिकली. निवड करत त्यांतून फॉर्मोसाना ही जात निघाली. आपल्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तर केळीच्या बाटलीतल्या कोंबांवर गॅमा किरण सोडून मुद्दाम बदल घडवण्याचे प्रयोग झाले आहेत.

तैवानला ग्रासणारा तो मर रोग आता बिहार आणि उत्तर प्रदेशात पोचला आहे. जळगावच्या बागांत मैलोन्‌मैल कॅव्हेंडिशच उभी आहे, पट्ट्याला पट्टा जुळणारी.