शांतीचा एकाकी वैमानिक : एबी नॅथन

महाराष्ट्राच्या भूमीशी ज्यू समाजाचे नाते जुने आहे. कोकणातील बेने इस्राएल बांधव शतकानुशतके मराठी बोलत आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ हे नावही आपल्याच मुलखाने त्यांना दिले. पुढे व्यापाराच्या निमित्ताने अरबस्तान, इराक व इराण या दिशांनी आलेली ज्यू कुटुंबे मुंबईत स्थिरावली. अशाच एका व्यापारी कुटुंबातील मुलगा मुंबईत येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत शिकला आणि पुढे इस्राएलच्या सार्वजनिक जीवनात शांतीच्या ध्यासाने गाजला. त्याचे नाव एबी नॅथन. आपल्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची नावे आपण अभिमानाने घेतो. त्यांत हे नाव क्वचितच ऐकू येते.

नॅथन यांचा जन्म 29 एप्रिल 1927 रोजी इराणमधील अबादान येथे झाला. वाढले ते मुंबईत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक झाले. 1947 साली देशाची फाळणी झाली, तेव्हा निर्वासितांना विमानाने सुरक्षित स्थळी नेण्याचे काम त्यांनी केले. कालपर्यंतचे शेजारी एका रात्रीत वैरी कसे होतात, याचा पहिला धडा त्यांना याच भूमीवर मिळाला.

1948 साली इस्राएल राष्ट्राचा जन्म होताच युद्ध पेटले. परदेशांतून आलेल्या स्वयंसेवकांत नॅथनही होते. त्या युद्धात त्यांनी गालिली प्रांतातील एका अरब गावावर बॉम्ब टाकले. नंतर ते स्वतः तेथे गेले आणि जळालेली प्रेते त्यांनी पाहिली. आकाशातून ठिपक्यासारखे दिसणारे गाव जमिनीवर माणसांचे असते, हे सत्य त्यांना आयुष्यभर विसरता आले नाही.

युद्धानंतर त्यांनी ‘एल आल’ या विमान कंपनीत नोकरी केली आणि पुढे तेल अवीव शहरात ‘कॅलिफोर्निया’ नावाचे उपाहारगृह काढले. कलावंत व पत्रकार यांचा तो आवडता अड्डा बनला. 1965 साली नॅथन यांनी क्नेसेट म्हणजे इस्राएली संसदेची निवडणूक लढवली. निवडून आल्यास स्वतः विमान चालवीत इजिप्तला जाऊन राष्ट्राध्यक्ष नासर यांना भेटेन, असे त्यांचे वचन होते. मते मिळाली दोन हजारांहून किंचित अधिक. पराभूत उमेदवार वचनातून मोकळा होतो, असा राजकारणाचा रिवाज. नॅथन यांनी मात्र पराभवानंतरही वचन पाळले.

28 फेब्रुवारी 1966 रोजी ‘शालोम 1’ नावाचे एक जुने, छोटे विमान घेऊन ते एकटेच निघाले आणि इजिप्तमधील पोर्ट सैद येथे उतरले. नासर यांची भेट झाली नाही. इजिप्तने त्यांना ताब्यात घेतले, सौजन्याने वागवले आणि परत पाठवले. मायदेशी परतताच बेकायदा देश सोडल्याबद्दल त्यांना पुन्हा अटक झाली. त्यानंतर शांतीचा पुरस्कार करणाऱ्या जगातील अनेक थोरांच्या भेटी त्यांनी घेतल्या. त्यांत पोप सहावे पॉल हेही होते. 1964 साली जानेवारीत पवित्र भूमीची यात्रा आणि डिसेंबरात मुंबईची भेट घडलेले हेच ते पोप. 1967 साली नॅथन यांनी पुन्हा इजिप्तला उड्डाण केले व त्यापायी तुरुंगवास भोगला.

पुढचा उपक्रम त्याहून मोठा. एक जुने मालवाहू जहाज मिळवून त्यांनी त्यावर नभोवाणी केंद्र उभारले. 1973 साली ‘व्हॉइस ऑफ पीस’, म्हणजेच शांतीचा आवाज, भूमध्य समुद्रातून घुमू लागला. जहाज तेल अवीवसमोर, पण इस्राएलच्या सागरी हद्दीबाहेर नांगरलेले असे. लोकप्रिय गाणी आणि अधूनमधून शांतीचे आवाहन असा त्याचा साधा कार्यक्रम. अरब व ज्यू तरुण एकच गाणे ऐकत होते. कोणत्याही सरकारने त्यांना असे एकत्र बसवले नव्हते.

दुष्काळ, भूकंप वा यादवी असेल तेथे नॅथन धावून जात. बियाफ्रा, कंबोडिया, इथिओपिया येथे त्यांनी अन्न व औषधे पोहोचवली. 1978 साली व्याप्त प्रदेशांतील वसाहतींच्या विरोधात त्यांनी प्रदीर्घ उपोषण केले. गांधीजींच्या देशात वाढलेल्या माणसाचे हे शस्त्र आपल्याला परके वाटत नाही. पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेच्या लोकांना भेटण्यास 1986 सालच्या कायद्याने बंदी होती. नॅथन यांनी यासर अराफात यांची उघडपणे भेट घेतली आणि त्यासाठी 1989 व 1991 साली तुरुंगवास पत्करला. त्यांनी कायदा मोडला, पण शिक्षा चुकवली नाही.

पुष्कळांनी त्यांना भोळे ठरवले, काहींनी देशद्रोही. त्यांच्या उड्डाणाने युद्ध थांबले नाही, हे खरेच. पुढच्याच वर्षी 1967 चे युद्ध झाले. परंतु 1977 साली इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात जेरुसलेमला आले आणि 1979 साली दोन्ही देशांत तह झाला. सप्टेंबर 1993 मध्ये इस्राएलच्या पंतप्रधानांनी अराफात यांच्याशी हस्तांदोलन केले. ज्या भेटीसाठी नॅथन तुरुंगात गेले, तीच आता राष्ट्राचे धोरण ठरली. शासने ज्या वाटेने उशिरा जातात, त्या वाटेवरचे पहिले पाऊल बहुधा एखाद्या एकाकी माणसाचे असते.

कार्य पूर्ण झाले, या आशेने आणि कर्जाच्या ओझ्यानेही, नोव्हेंबर 1993 मध्ये त्यांनी आपले जहाज समुद्रात बुडवले. आशा फोल ठरली. त्या भूमीवर रक्त सांडतच राहिले. अखेरची वर्षे पक्षाघाताने जर्जर होऊन 27 ऑगस्ट 2008 रोजी नॅथन तेल अवीव येथे निवर्तले. त्यांच्या थडग्यावर एकच हिब्रू शब्द आहे; त्याचा अर्थ, ‘मी प्रयत्न केला.’

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात धन्य म्हटले ते शांतीसाठी झटणाऱ्यांना; यशाची अट त्याने घातली नाही. प्रत्येक मिस्साबलिदानात आपण एकमेकांना शांती देतो, ती बहुधा शेजारच्या बाकापर्यंतच पोहोचते. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्या दारापर्यंत जाणे, हाच तिचा खरा प्रवास. ज्यू धर्मात जन्मलेला, आपल्या शाळेत शिकलेला हा मुंबईकर तो प्रवास एकट्याने करून गेला.