निपाणीचा महाविद्यालयीन फुटबॉल : एक गाव, दोन विद्यापीठे

महाविद्यालयीन फुटबॉल संघाचा हंगाम मैदानावर ठरतो. बेळगाव-निपाणी भागात मात्र तो बराचसा नकाशावर ठरला. बेळगावची लिंगराज (१९३३) व राणी पार्वतीदेवी (१९४५) ही महाविद्यालये प्रारंभी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले आणि येथील खेळाडूंची वाट धारवाडकडे वळली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात गेली.

निपाणीचे उदाहरण अधिक बोलके आहे. गावाला लागून असलेले देवचंद महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात आहे. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले व देवचंद त्याच्या कक्षेत आले. निपाणीच्या विद्यार्थ्याचे घर म्हैसूर राज्यात आणि जर्सी महाराष्ट्रातील विद्यापीठाची! शिवाय या विद्यापीठात कोल्हापूरची मुले होती. तेथे पाटाकडील, खंडोबा अशा तालमींचेच फुटबॉल संघ असतात. कुस्तीच्या आखाड्यांनी फुटबॉल सांभाळावा, हे कोल्हापूरलाच शोभते.

त्याच निपाणीतील के.एल.ई. संस्थेचे बागेवाडी महाविद्यालय कर्नाटक विद्यापीठाकडे राहिले. परिणामी एकाच गल्लीतले, एकाच शाळेत शिकलेले दोन मित्र वेगवेगळ्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत खेळणार. त्यांचे संघ विद्यापीठाच्या सामन्यात समोरासमोर येणेच शक्य नव्हते. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. बागेवाडीची वाट धारवाडऐवजी बेळगावकडे आली. देवचंदची कोल्हापूरकडेच राहिली. आंतरविद्यापीठ स्पर्धेतही शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात, तर राणी चन्नम्मा दक्षिण विभागात खेळते.